चौदा पंच आणि माझी चौकशीची वही

फुटबॉलमध्ये चेंडू पायाने मारतात, एवढी माहिती मला होती आणि तेवढ्यावर सदुसष्ट वर्षं माझं काहीही अडलं नव्हतं. त्यामुळे श्रीधर आमच्या दारात उभा राहून "काका, आता पुण्याचा फुटबॉल तुमच्या हातात आहे," असं म्हणाला, तेव्हा मी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि रात्री नीट झोप लागते का ते विचारलं.

श्रीधर म्हणजे आमच्या कसबा पेठेतला खेळाच्या सामानाचा दुकानदार. कॅरमच्या सोंगट्या विकता विकता हा माणूस शहराच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा सचिव कधी झाला, ते आम्हा शेजाऱ्यांना कळलंही नाही. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, माणसांची चौकशी करायची आहे. तुमच्यासारखी चौकशी पुण्यात दुसरं कोणी करत नाही."

आता हे वाक्य त्याने कुठल्या दिवशी उच्चारलं ते लक्षात घ्या. 'ओगले वधूवर सूचक केंद्र' मी तीस वर्षं चालवतो. एके काळी आमच्या जिन्यावर वरपिते रांगेने उभे असायचे. पुढे मोबाइलवर लग्नं जुळायला लागली, आणि त्या दिवशी आमच्याकडे शेवटचं स्थळ येऊन आठ महिने झाले होते. आठ महिने मी रोज सकाळी दहाला टेबल पुसून बसत होतो आणि बायको रोज साडेदहाला त्याच टेबलावर भाजी निवडायला घेत होती. अशा माणसाला कोणी "तुमच्यासारखी चौकशी" म्हटलं की तो कसली चौकशी ते विचारत नाही. मी होय म्हणून मोकळा झालो.

मग कळलं की लीगचे सगळे, म्हणजे चौदा पंच संपावर गेले होते. पुढच्या रविवारी खडकीच्या मैदानावर उपांत्य सामना, कसब्याचा संघ विरुद्ध धायरीचा संघ. तिकिटं विकली गेलेली, आणि शिट्टी वाजवायला माणूस नाही. समितीने बदली पंचांचे अर्ज मागवले होते. अर्जदार कसा आहे, कुठल्या संघाच्या खिशात आहे का, घरचं वळण कसं आहे, हे मी शोधून काढायचं होतं.

"आणि संप कशासाठी आहे?" मी विचारलं.

"काही नाही हो. सामना संपल्यावर घरी पोचवायला गाडी हवी म्हणतात. आणि लागलं-बिगलं तर दवाखान्याची सोय. तुमच्या जावयानेच उठवलंय सगळं."

हे शेवटचं वाक्य श्रीधर चपला घालता घालता म्हणाला. माझा होकार तोवर देऊन झाला होता, आणि ओगल्यांनी दिलेला शब्द परत घेतल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात नाही. उदाहरण असतं तर बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात मला निदान वीस वेळा वाटलं.

आमचे जावई यज्ञेश्वर. खडकीच्या फॅक्टरीत नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहणं, आणि दर रविवारी फुटबॉलची पंचगिरी. अकरा वर्षांपूर्वी आमच्या विजयमालेने हे स्थळ स्वतःच शोधून आणलं, तेव्हा बाप म्हणून नव्हे तर व्यवसाय म्हणून मी खडकीला जाऊन रीतसर चौकशी केली होती. माझी एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. नाव, स्वभाव, सवयी, शेजाऱ्यांचं मत आणि शेवटी शेरा. त्यात यज्ञेश्वरांच्या पानावर, 'स्वतःच्या कन्येसाठी' असा मथळा घालून, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'हेकट. सामन्यात सख्ख्या भावाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. भाऊ तीन महिने बोलत नव्हता, तरी पश्चात्ताप नाही. नात्याची चाड नाही. नापसंत.'

मुलीने त्या शेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि लग्न केलं. लग्नात मी रागाने जेवलो नाही, फक्त जिलब्या खाल्ल्या. तीस वर्षांत माझ्या वहीला न जुमानता झालेलं हे एकच लग्न, आणि तेच नेमकं सुखाचं झालं. हे मी अजून कोणाजवळ बोललेलो नाही.

गेल्या मार्चमध्ये सामना संपवून बसथांब्यावर उभे असताना यज्ञेश्वरांना हरलेल्या संघाच्या लोकांनी गाठलं होतं. डोक्याला चार टाके पडले. त्या वेळी मी त्यांना भेटायला गेलो आणि म्हणालो, "रिक्षा करायची की हो." ते हसले आणि म्हणाले, "बाबा, रिक्षावालेही सामना बघायला आलेले असतात." मला तेव्हा तो विनोद वाटला.

तर बायकोला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. कुसुमपासून गेल्या चव्वेचाळीस वर्षांत मी यशस्वीपणे काय काय लपवलं आहे, ते आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला चैन पडेना. दिवाणखान्यातून गॅलरीत, गॅलरीतून दिवाणखान्यात अशा फेऱ्या सुरू झाल्या. "पोट बिघडलंय का?" कुसुमने विचारलं. मी होय म्हटलं आणि वर ओव्याचं पाणी प्यावं लागलं. मग केंद्राचं नाव-पत्ता छापलेल्या पिशवीत वही घातली आणि बाहेर पडलो.

चौकशीचं एक शास्त्र असतं, ते इथे सांगून टाकतो, कारण पुढच्या पिढीला ते येत नाही. ज्याची चौकशी करायची त्याला कधी भेटायचं नाही. भेटला की तो चांगलाच वागतो. किराणा दुकानदाराला भेटावं, इस्त्रीवाल्याला भेटावं आणि तळमजल्यावरच्या बाईंना भेटावं. इस्त्रीवाल्याला माणसाचा स्वभाव कळतो, तळमजल्याला त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा कळतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, चौकशी कशासाठी आहे ते मेलं तरी सांगायचं नाही. गुप्तता हा आमच्या धंद्याचा कणा आहे. त्या आठवड्यात त्याच कण्याने मला दगा दिला.

पहिला अर्जदार संपत, राहणार धायरी. सिंहगड रस्त्याची बस पकडून मी धायरीला उतरलो आणि पिठाच्या गिरणीवर सरुबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंना गाठलं. त्यांचं दळण व्हायचं होतं आणि गप्पांना त्यांची अजिबात हरकत नव्हती.

"संपत व्हय? लई गुणाचं पोरगं हाय," सरुबाई म्हणाल्या. "दारू न्हाई, तंबाखू न्हाई. आईला देवावानी बघतंय." मी लिहून घेत होतो. "पर काका, तुमी जरा उशीर केला. त्याचं लगीन होऊन नऊ वरसं झाली. दोन पोरी हायत."

"ते चालेल," मी म्हणालो.

मला पंचाच्या लग्नाशी काही कर्तव्य नव्हतं, म्हणून मी खरं तेच बोललो होतो. सरुबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे टाचेपासून टोपीपर्यंत नीट पाहिलं. "चालंल?" त्या म्हणाल्या. "तुमाला चालंल व्हय?" मी नमस्कार करून निघालो आणि वहीत 'शेजारी आतिथ्यशील, पण संशयी' असं लिहिलं.

तरी संपतचं काम जमलंच नसतं. समितीचा नियम असा की बदली पंचाने मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र द्यायचं: दोन्ही संघांत माझा जवळचा किंवा लांबचा नातेवाईक नाही. धायरीचा संघ हा हिंदुरावांचा. हिंदुराव म्हणजे तिथले जुने जमीनदार, आता बिल्डर. संघात अकरा खेळाडू आणि त्यात हिंदुरावांचे पाच पुतणे, चार भाचे, एक मेव्हणा. अकराव्याबद्दल विचारलं तर कळलं की तो परका आहे, पण येत्या मे महिन्यात तोही जावई होणार आहे. अख्खी धायरीच हिंदुरावांच्या गोतातली, तिथे असं प्रतिज्ञापत्र कोणी दिलं असतं तर ते खोटंच ठरलं असतं. मी संपतला 'नापसंत' केलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेआठला आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर संपतची बायको शालू, सोबत थोरले दीर, आणि त्या दिरांच्या हातात फ्रेम केलेला लग्नाचा फोटो.

"ह्यो बघा," शालूने फोटो माझ्या नाकासमोर धरला. "ही मी, आन् ह्ये त्ये. आता सांगा, कुणाची पोरगी देताय माज्या नवऱ्याला?"

पुढची वीस मिनिटं मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की, चौकशी पंचाच्या नेमणुकीसाठी होती, हे पटवून द्यायला मला श्रीधरने समितीतर्फे दिलेलं कामाचं पत्र दाखवावं लागलं, आणि ते पत्र शालूबरोबर कुसुमनेही वाचलं. शालू शांत झाली, चहा प्यायली, जाताना कुसुमच्या पाया पडली. मग दार लागलं.

"संपावर कोण आहे?" कुसुमने विचारलं.

"पंच."

"त्यांचा पुढारी कोण आहे?"

मी गॅलरीत गेलो. कुसुम मागून आली. "मुलीच्या नवऱ्याच्या डोक्याला चार टाके पडले, तर तुम्ही त्याच्या जागी दुसरं डोकं शोधून देताय," ती म्हणाली. "छान. आपल्याला शोभतं."

'आपल्याला' हे कुसुम मला फक्त कमालीचा राग आल्यावर म्हणते. याआधी तिने ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली म्हटलं होतं.

मी तिला समजावून सांगितलं, की यात नातं आणायचं नसतं, हे काम आहे, आणि गेल्या आठ महिन्यांत आलेलं एकमेव काम आहे. "मला कोणी विचारलं, कुसुम," मी म्हणालो. "कोणीतरी मला विचारलं." ती भाजी घेऊन टेबलाशी येऊन बसली, मग उठून आत ओट्याशी गेली. टेबल माझं मला सोडलं, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या अर्जदार एक बाई होत्या. मंदाकिनी, शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी मला तासभर बसवून तक्रारी सांगितल्या. जिन्यात सायकल ठेवू देत नाहीत. चेअरमनची स्वतःची गाडी दुसऱ्याच्या जागेत होती तर तीसुद्धा काढायला लावली. एकदा बोलल्या की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागे घेत नाहीत. मी लिहून घेत असतानाच बाई जिना उतरून आल्या.

"माझी चौकशी चालली आहे का? मग मलाच विचारा."

शास्त्राच्या हे विरुद्ध होतं, पण आता इलाज नव्हता. मी अर्जाचं सांगितलं.

"मी अर्ज केलेला नाही. मी त्या चौदांतलीच आहे, संपावर आहे. समितीने जुन्या यादीतून नाव उचललं असणार." मग माझ्या पिशवीवरचं 'ओगले वधूवर' वाचून त्या थांबल्या. "तुम्ही यज्ञेश्वर सरांचे सासरे ना? आपण या कामाला आलात? बरं. जिना उतरताना जपून, तिसरी पायरी तुटकी आहे. चेअरमनना चार पत्रं दिली आहेत."

मी 'उद्धट, कजाग, नापसंत' असं लिहिलं आणि तिसऱ्या पायरीवर पाय मुरगळून घेतला.

त्या संध्याकाळी साडेपाचला विजयमालेचा फोन आला नाही. ती लग्न झाल्यापासून रोज साडेपाचला फोन करते. विशेष काही बोलत नाही. आज काय केलं होतं, बाबांची गोळी झाली का, एवढंच. फोन कुसुम घेते आणि मी लक्ष नसल्यासारखं करून पेपर धरून बसतो. त्या दिवशी मी साडेपाच ते सात पेपर धरून बसलो आणि एकच बातमी वाचत राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी रिसीव्हर उचलून आवाज येतो का ते पाहिलं. येत होता. फोन चालू होता, मुलगीच करत नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जास्त जोरात काम करतो.

तिसरा अर्जदार दिगंबर. आमच्याच पेठेतला, चित्रकलेचा शिक्षक, वय एकेचाळीस. शाळांच्या सामन्यांत पंचाचं काम केलेला. काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांत अशी चौकशी झाली नव्हती. इस्त्रीवाला म्हणाला, "शर्ट जळाला तरी बोलले नाहीत, उलट मलाच म्हणाले, उन्हाळा फार आहे." किराणावाला म्हणाला, "साहेब, सुटे नसले तर तेच माफी मागतात." तळमजल्यावरच्या वासंतीबाईंना तर हुंदकाच आला. "वरून आमच्या कपड्यांवर पाणी गळतं म्हणून मी भांडायला गेले, तर म्हणाले तुमचं बरोबर आहे. मग त्यांच्या वरचा भाडेकरू आला, त्यालाही म्हणाले तुमचं बरोबर आहे. देवमाणूस हो! कधी कोणाला नाही म्हणत नाहीत." मी शेजाऱ्यांच्या मताचा रकाना भरून समासात लिहायला लागलो. शेऱ्यात लिहिलं: 'लाखात एक. पसंत.'

डोळ्यांच्या तपासणीवरून मात्र खोळंबा झाला. समितीला सरकारी शिक्क्याचा दाखला हवा, आणि जिथे गेलो तिथल्या खिडकीवर पंचांसाठी असा नमुनाच नव्हता. "ड्रायव्हर आहे का? मग हा फॉर्म भरा," खिडकीतला माणूस म्हणाला. मी म्हटलं, तो पंच आहे. तो म्हणाला, "पंच म्हणून दिसत नाही, ड्रायव्हर म्हणून दिसेल. पुढचे या." दोन दिवस आणि पाच खिडक्या झाल्यावर दिगंबर जड वाहन चालवण्यास पात्र असल्याचा दाखला मिळाला. समितीने तो फाइलला लावला. ट्रकचा दाखला फुटबॉलला कसा, हे कोणीही विचारलं नाही. सही आणि शिक्का दोन्ही जागेवर होते.

रविवार उजाडला. सामना तीनला. फाटकाबाहेर संपावरचे पंच दोन्ही बाजूंना ओळीने उभे होते. घोषणा नाहीत, फलक नाही. प्रत्येकाने हातात आपलं लाल कार्ड वर धरलेलं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते मुकाट्याने दाखवत होते. ओळीत मंदाकिनीबाई दिसल्या आणि शेवटी यज्ञेश्वर. डोक्यावरची खूण लांबूनही दिसत होती. मी वळसा घालून मागच्या दाराने आत गेलो. वहीची पिशवी छातीशी धरलेली होती, का ते मला सांगता येणार नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं दिगंबरचं काम पाहून मला अभिमान वाटला. मग कसब्याच्या एका पोराला धायरीच्या पुतण्याने आडवं पाडलं. दिगंबर धावत गेला. त्याने शिट्टी वाजवली नाही, आधी पोराला उठवलं, गुडघ्यावरची माती झाडली. मग पुतण्याला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" पुतण्याने म्हणणं मांडलं. मग दुसऱ्याचं म्हणणं ऐकलं. मग दोघांना हात मिळवायला लावले. चेंडू तोपर्यंत कोणीतरी जाळ्यात नेऊन ठेवला होता. त्याने गोल दिला. दुसरी बाजू ओरडली तर म्हणाला, "तुमचंही बरोबर आहे," आणि परत घेतला.

त्याने एकाला पिवळं कार्ड दाखवलं. तो पोरगा म्हणाला, "सर, घरी आई आजारी आहे." दिगंबरने कार्ड खिशात घातलं आणि कोणत्या डॉक्टरांकडे दाखवलंय ते विचारलं. पेनल्टी दिली, रद्द केली, पुन्हा दिली, मग दोघांनी मिळून समजुतीने घ्या असं म्हणाला. सत्तराव्या मिनिटाला गोलफलकावरच्या माणसाने पाटी काढून खाली ठेवली आणि बिडी पेटवली. बाविसाव्या शतकापर्यंतही तो सामना मिटला नसता. शेवटी दोन्ही संघ आणि निम्मे प्रेक्षक दिगंबरच्या भोवती जमले. त्या देवमाणसाने सगळ्यांना एकदा हात जोडले, शिट्टी मैदानाच्या मधोमध ठेवली आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून निघून गेला. तेवढा एकच निर्णय त्याने ठामपणे घेतला.

आणि मग कर्ण्यावर श्रीधरचा आवाज आला. "प्रेक्षकांनी शांतता राखावी. आजच्या पंचांची निवड कसबा पेठेतील श्रीयुत ओगले यांनी केलेली असून, सर्व तक्रारी त्यांच्याकडे द्याव्यात. ते निळ्या शर्टात, पिशवी घेऊन बसलेले आहेत." मी उठून पाहिलं तर श्रीधरची गाडी फाटकाबाहेर पडत होती.

मी मागच्या दाराने निघालो. मुरगळलेल्या पायाने जितकं पळता येईल तितका पळालो आणि कुठे पोचलो असेन? बसथांब्यावर. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. रिक्षा उभ्या होत्या, पण रिक्षावालेच माझ्याकडे बोट दाखवत होते.

कसब्याची माणसं आली, धायरीची आली. आजवर एका बाजूचे लोक पंचाच्या मागे लागत, आज दोन्ही बाजू हरल्या होत्या. थांब्याच्या पत्र्यावर एक दगड वाजला. खोटं कशाला सांगू, मी थांब्याच्या खांबाआड सरकलो. चार टाके म्हणजे काय ते मला पत्र्याच्या त्या आवाजाबरोबर कळलं. माझा जावई अकरा वर्षं दर रविवारी अशाच थांब्यांवर उभा राहतो, आणि मी त्याला रिक्षा कर म्हणून सांगितलं होतं.

गर्दीतून हिंदुराव पुढे आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध. "काका, ह्यो मानूस तुमी कुठनं हुडकला?"

"चौकशी करून," मी म्हणालो.

"कुनाकडं?"

"शेजाऱ्यांकडे."

कोणीतरी माझी पिशवी ओढली. वही हिंदुरावांच्या हातात गेली. ते पानं उलटायला लागले. मागचे लोक पुढे सरकत होते, कोणीतरी माझ्या शर्टाची कॉलर धरली, बटण तुटून खाली पडलं. "आधी ह्यांनाच बघून घ्या," असं कोणी म्हणालं, आणि ती तर आमच्या पेठेतली भाषा होती.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

एकच, लांब आणि इतकी कडक की माझी कॉलर धरलेला हात आपोआप सुटला. खेळाडूंनी सवयीने हात मागे घेतले. गर्दी बाजूला करत यज्ञेश्वर आले. चालत आले, पळत नव्हे. थेट माझ्यासमोर उभे राहिले, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हात उंच करून लाल कार्ड दाखवलं.

"बाबा," ते म्हणाले, "बाहेर."

मला काही कळेना. "अहो, यज्ञेश्वरराव, मी..."

"चर्चा नाही. बाहेर." मग ते गर्दीकडे वळले. "लाल कार्ड मिळालेल्या माणसाला मैदानाच्या आवारात थांबता येत नाही. नियम आहे. त्याला जो अडवेल त्याच्या संघाचे गुण जातील. वाट द्या."

कोणाचे गुण, कुठलं मैदान, हा तर बसथांबा होता! पण ते अशा आवाजात बोलले की कोणाला शंकाच आली नाही. पाचही पुतणे मागे सरले. हिंदुराव तेवढे हलले नाहीत. त्यांचं बोट वहीच्या एका पानावर होतं. त्यांनी ते पान वाचलं, यज्ञेश्वरांकडे पाहिलं, परत वाचलं आणि एकदम एवढ्या मोठ्याने हसले की मागच्यांनाही हसू फुटलं.

"सख्ख्या भावाला बी न्हाई सोडलं, आन् आता सासऱ्याला!" त्यांनी वही यज्ञेश्वरांच्या हातात दिली. "साहेब, तुमचं बी नाव हाय ह्यात. न्या तुमच्या म्हाताऱ्याला. आन् त्या श्रीधरला सांगतो मी, पुढच्या रविवारपासून पंच माज्या गाडीतनं घरी जातील. असला सामना मला पुन्यांदा बघायचा न्हाई."

खडकीपासून कसब्यापर्यंत आम्ही एका संपकरी पंचाकडून मागून घेतलेल्या स्कूटरवर आलो. मला खूप बोलायचं होतं. तीन सिग्नल लागले, तिन्ही वेळा मी घसा साफ केला आणि तिन्ही वेळा सिग्नल सुटला. घराशी उतरलो तेव्हा ते वही माझ्या हातात देत म्हणाले, "मी पान वाचलं, बाबा."

"जुनं आहे हो ते," मी म्हणालो.

"पण खरं आहे," ते म्हणाले आणि हेल्मेट काढायला लागले.

वर आलो. कुसुमने माझं तुटलेलं बटण पाहिलं, जावयाच्या डोक्याकडे पाहिलं, आणि चहा टाकला. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. साडेपाचला फोन वाजला. कुसुम आतून आली नाही. "तुम्हीच घ्या," ती ओट्याशी उभी राहून म्हणाली.

"पोचलात का?" विजयमालेचा आवाज आला. यज्ञेश्वरांनी निघतानाच तिला कळवलं असणार, कारण आधी तिला वाटलं, फोन नवऱ्याने घेतला आहे. "अहो, पोचलात ना? लागलं नाही ना कुठे?"

अकरा वर्षं दर रविवारी ती हेच विचारत असणार, आणि उत्तर येईपर्यंत असाच श्वास धरून उभी राहत असणार.

"पोचलो गं," मी म्हणालो. "दोघंही पोचलो."

मग ती म्हणाली, "बाबा, गोळी घेतलीत का?"

रात्रीच्या जेवणाला यज्ञेश्वरांना थांबवून घेतलं. त्याआधी मी माझ्या टेबलाशी बसून समितीचा अहवाल लिहिला. आयुष्यातला सर्वांत छोटा अहवाल: 'कसून चौकशी केली. पुण्यात या कामाला लायक अशी चौदा माणसं आहेत. चौदाही सध्या संपावर आहेत. त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांचं मत वाईट आहे, हीच त्यांची पात्रता. त्यांना घरी पोचवण्याची सोय करावी.' मग वही उघडून मंदाकिनीबाईंच्या पानावरचं 'नापसंत' खोडलं. मग अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं आणि जुन्या शेऱ्याखाली, तारीख घालून लिहिलं: 'सख्ख्या सासऱ्यालाही सोडत नाही. पसंत.'

कुसुम भाजीचं ताट घेऊन टेबलाशी येऊन बसली होती. तिने मान वाकडी करून वाचलं.

"झाली का एकदाची चौकशी?" ती म्हणाली. "उठा आता, पानं घ्या."